तार तपासणाऱ्या तोद्रेसची शिडी

मित्रांनो, आधी जरा लांब उभे राहा. माझ्यावर चढू नका. मी शिडी आहे, म्हातारी आहे, आणि माझ्या मधल्या पायऱ्या आतून कुजल्या आहेत. वरून धडधाकट दिसतात, पण त्यांचा भरवसा नाही. कुणाचं हाडबिड मोडलं तर नाव माझंच खराब होईल. त्यापेक्षा इथे गवतावर बसा आणि ऐका.

या सफरचंदाच्या बागेत मला सगळे आगाताच्या घरची शिडी म्हणतात. म्हणोत. मी आगाताची नाही. मी तोद्रेसची. नदीपलीकडे ओल्शिन गाव आहे ना, तिथला काचवाला तोद्रेस. अजूनही शुक्रवारी ऊन कललं की माझ्या पायऱ्यांवर वजन पडतं. बूट दिसत नाहीत, माणूस दिसत नाही, नुसतं वजन. आधी उजवा पाय, मग डावा, मग थोडं थांबणं, कारण तोद्रेसच्या गुडघ्यात वात होता. मी करकरते. आगाताचा नातू म्हणतो, जुनं लाकूड आहे, हवा बदलली की करकरायचंच. म्हणू दे बापड्याला.

माझा जन्म ओल्शिनच्या एका सुताराकडे झाला. दांडे पाइनचे, पायऱ्या ओकच्या. मला भिंतीला टेकवून तो सुतार स्वतः वर चढला, दोन-चार उड्या मारल्या आणि म्हणाला, "घे तोद्रेस. ही तुझ्या बायकोपेक्षा जास्त टिकेल." तोद्रेसची बायको तिथेच उभी होती. तिने सुताराला असं काही सुनावलं की मी कालची पोर असूनही लाजले. पण मेल्याचं बोलणं खरं झालं. ती बिचारी तापाने गेली आणि मागे एकुलती एक मुलगी ठेवून गेली, शिफ्रा. शिफ्रा माझ्या खालच्या पायरीवर बसून पाव खायला शिकली.

आठवडाभर आम्ही काचा बसवत हिंडायचो. सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या काचा, चर्चच्या काचा, औषधवाल्याच्या दुकानाच्या काचा. पण माझा खरा मान शुक्रवारचा होता.

तो का, ते नीट ऐका. ओल्शिनमध्ये आम्ही ज्यू लोक पुष्कळ होतो. शुक्रवारी सूर्य बुडाला की आमचा शब्बाथ लागायचा. शब्बाथ हा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी चूल पेटवायची नाही, हातोडा उचलायचा नाही, आणि घरातली वस्तू उचलून रस्त्यावर न्यायची नाही. वस्तू म्हणजे काहीही. प्रार्थनेचं पुस्तक नाही, रुमाल नाही, तान्हं मूल कडेवर घ्यायचंसुद्धा नाही. आता तान्ह्या पोराच्या आईने करायचं काय? दिवसभर चार भिंतींत बसून राहायचं? म्हणून फार जुन्या काळच्या शहाण्या माणसांनी वाट काढली. सगळ्या वस्तीभोवती खांबांवरून एक तार फिरवायची. ती कुठे तुटलेली नसली, की आतली सगळी वस्ती मिळून एकच घर आणि एकच अंगण. आपल्या अंगणात पोर कडेवर घ्यायला कोणाची हरकत असणार? त्या कड्याला आम्ही एरुव म्हणतो.

तार तुटली की मात्र घर मोडलं. म्हणून दर शुक्रवारी दुपारी तोद्रेस मला खांद्यावर टाकून सगळं कडं फिरायचा. प्रत्येक खांबाशी मला टेकवायचा, वर चढायचा, तार बोटाने दाबून बघायचा. सगळं ठीक असलं की बाजारात उभा राहून घसा फोडून ओरडायचा, "एरुव शाबूत आहे! पोरं घ्या, हंड्या घ्या, शब्बाथ सुखाचा जावो!" त्याचा शब्द तो सगळ्या गावाचा शब्द. त्याने सांगितलं की बायका निश्चिंत व्हायच्या. त्या एका आरोळीसाठी तो आठवडाभर जगायचा असं मला वाटे.

त्याच्या या कामावर टपून बसलेला एकच माणूस होता, भट्टीवाला झुंदल. दर शुक्रवारी सगळं गाव आपापल्या वालाच्या आणि मांसाच्या हंड्या त्याच्या भट्टीत आणून ठेवायचं. त्या रात्रभर मंद आचेवर शिजायच्या आणि शनिवारी दुपारी लोक त्या घरी न्यायचे. तार तुटली तर हंडी उचलता येत नाही, म्हणजे सगळं गाव उपाशी आणि शिव्या झुंदलला. त्यात हा माणूस नियमाला इतका पक्का, की त्याच्यापुढे आमचे धर्मगुरू रब्बीसुद्धा जपून बोलायचे.

"काय रे तोद्रेस," तो दारातून ओरडायचा, "चर्चमागे तार लोंबतेय. आता तिथे चड्ड्या वाळत घालायच्या का?"

"तू पाव भाज. तारेचं मी बघतो."

"बघतोस? तुला समोरची गाय दिसत नाही."

"गाय दिसते. तू मध्ये उभा राहतोस म्हणून तिच्यामागचं काही दिसत नाही."

अशी त्यांची दोस्ती. एकमेकांशिवाय दोघांनाही करमायचं नाही. तोद्रेस पुढे गेला की झुंदल पीठभरल्या हातांनीच मागून जाऊन तार बघून यायचा, आणि ती ताठ आहे असं दिसलं की तोंड वाईट करून परत यायचा.

मग जर्मन सैनिक आले. आल्या आल्या त्यांनी आमची तार कापून नेली. त्यांना वाटलं ती टेलिफोनची आहे. तोद्रेसने त्यांना समजवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी त्याला बंदुकीच्या दस्त्याने मारलं. त्याचे पुढचे दात गेले. नंतर नदीकाठच्या चार गल्ल्यांभोवती त्यांनी उंच फळ्यांचं कुंपण घातलं, वर काटेरी तारा ओढल्या, आणि ओल्शिनचे सगळे ज्यू, शिवाय आसपासच्या खेड्यांतले ज्यू, त्यात आणून कोंबले. झुंदलची भट्टी कुंपणाच्या अगदी कोपऱ्याला लागून आत राहिली. आम्हाला एक खोली मिळाली. आम्हाला म्हणजे तोद्रेस, शिफ्रा आणि मी. शिफ्राचं तोवर लग्न झालं होतं, पण तिच्या नवऱ्याला रस्ता बांधायला म्हणून नेलं होतं. तो परत आला नाही. शिफ्राला दिवस गेलेले होते.

कुंपणाच्या आत शिडी ठेवायची नाही असा हुकूम निघाला. शिडी, करवत, दोर, सगळं आणून टाका, नाहीतर गोळी. तोद्रेसने माझ्याकडे बघितलं, दोन खोकी आणली, मला त्यांच्यावर आडवी टाकली आणि वर पेंढ्याची गादी पसरली. झाला पलंग. झडतीला आलेल्या शिपायाने गादीवर बुटाचा पाय ठेवून बघितला आणि निघून गेला. त्याच आठवड्यात माझ्यावरच शिफ्रा बाळंत झाली. मुलगी झाली. तिचं नाव नेखा ठेवलं. तिचं पहिलं रडणं माझ्या दांड्यांतून इकडून तिकडे गेलं, ते मला अजून आठवतं.

तर तिथला पहिला शुक्रवार. तोद्रेसने दुपारी कोट चढवला.

"बाबा, कुठे निघालात?" शिफ्राने विचारलं.

"तपासायला."

"काय तपासायला? तार राहिलीय का आता?"

"कुंपण आहे ना. उंच आहे, चहूबाजूंनी आहे. नियम एवढंच विचारतो की कडं पुरं आहे का. ते कोणी बांधलं हे नियम विचारत नाही."

"त्यांनी आपल्याला मारायला कोंडलंय, बाबा."

"मला कळतं ते. त्यांच्या लेखी हा तुरुंग. पण उद्या सकाळी तू नेखाला कडेवर घेऊन या गल्लीत उभी राहशील आणि तुला पाप लागणार नाही. एवढं तरी मला करू दे. दुसरं काय राहिलंय माझ्या हातात?"

तो गेला. फळी फळी बघत, मान वर करून, सगळं कुंपण आतून फिरला. पहारेकरी त्याला वेडा समजून हसत होते. मग गल्लीतून त्याची आरोळी आली. दात गेल्यामुळे शब्द फुसफुस करत होते, पण आरोळी तीच होती. "एरुव शाबूत आहे!" खोल्याखोल्यांतून एकदम आवाज थांबले. कोणीतरी हसलं. पुष्कळ जणी रडल्या. दुसऱ्या दिवशी आया पोरांना कडेवर घेऊन गल्लीत आल्या आणि एकमेकींना शब्बाथच्या शुभेच्छा देऊ लागल्या. झुंदल आमच्या दारात येऊन म्हणाला, "काही म्हण, कारागीर हरामखोर आहेत, पण काम तुझ्या तारेपेक्षा बरं आहे." ते दोघे खूप हसले. ते हसणं ऐकून मला भीती वाटली. का, ते मला सांगता येत नाही.

हिवाळा सरता सरता खायला काही उरलं नाही. झुंदलच्या भट्टीत आता कोंड्याचा आणि बटाट्याच्या सालांचा पाव निघायचा. शिफ्राचं दूध आटलं. पूर्वी नेखा रडली की मी थरथरायचे. आता ती माझ्यावरच झोपलेली असून मला कान देऊन ऐकावं लागे. मित्रांनो, तान्हं मूल रडायचं बंद करतं तेव्हा काळजाचं पाणी होतं. लाकडाचं काळीज असलं तरी होतं.

एका शुक्रवारी तोद्रेस कुंपण तपासून आला आणि माझ्यावर बसला.

"कोपऱ्यातली फळी खालून सुटली आहे," तो म्हणाला. "झुंदलच्या भट्टीमागे."

"मला माहीत आहे," शिफ्रा म्हणाली.

"कसं माहीत?"

"मीच जाते तिथून. गेल्या शुक्रवारपासून, दुपारी पहारेकरी बदलतात तेव्हा. लव्हाळ्यातून, नदीच्या उतारावरून पलीकडे आगाताकडे जाते, दूध घेते, उजेड आहे तोवर परत येते. आपली दूधवाली आगाता हो. पैसे घेत नाही ती."

तोद्रेसची अडचण तुम्हाला कळायला हवी. कुंपणाच्या मध्ये कुठे भगदाड पडलं तर आमचा नियम म्हणतो, चालेल, त्याला दार समजा. घराला दार असतंच. पण कोपऱ्यात कोणी दार करत नाही. तिथे माणूस जाईल एवढं भगदाड पडलं की कडं मोडलं, आणि मग पोर कडेवर घेऊन बाहेर येणं पाप. तोद्रेसने खरं सांगितलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, कुठे मोडलं, आणि ती गोष्ट फाटकावरच्या पहारेकऱ्यांपर्यंत जायला वेळ लागला नसता. खोटं सांगितलं तर सगळ्या आया उद्या त्याच्या शब्दावर पोरं घेऊन बाहेर येणार. आयुष्यात त्या माणसाने तारेच्या बाबतीत कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"जिवापुढे शब्बाथ मागे सरतो," तो शेवटी म्हणाला. "हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"मग झालं तर."

"झालंच. फक्त ओरडताना घसा चालायला हवा."

"झुंदलकाकांना तरी सांगा, बाबा. त्यांच्या दाराशी आहे ते."

"झुंदलला? त्याच्या पोटात पाव राहतो, गोष्ट राहत नाही. कोणाला सांगायचं नाही."

त्याने गल्लीत जाऊन आरोळी दिली. त्या रात्री तो जेवला नाही. तसं जेवायलाही काही नव्हतं म्हणा.

आता दर शुक्रवारी हेच. शिफ्रा जायची, तोद्रेसचा जीव टांगणीला लागायचा, ती यायची, तो बाहेर जाऊन खोटं ओरडायचा. पण नेखाच्या गालांवर रंग आला. ती हसायला लागली. माझ्या गादीतली काडी उपटून तोंडात घालायला लागली. मला वाटलं, निभावेल हे.

मग एक दिवस झुंदल आला आणि उगाचच उभा राहिला. तोद्रेसच्या डोळ्यांपुढे त्याने हात हलवला.

"हे काय करतोस?"

"किती बोटं आहेत सांग."

"तुझी? सगळी लोण्याने माखलेली. म्हणजे लोणी होतं त्या काळी."

"चेष्टा नको रे. नीट दिसतं ना तुला?"

"तुझं थोबाड दिसतं. काय करू, दिसतंच."

झुंदल हसला नाही. मान हलवत निघून गेला. एरवी असा जाणारा नव्हता तो.

त्याच आठवड्यात आमच्या काही माणसांना फावडी देऊन जंगलात नेलं. ती परत आली तेव्हा कोणाशी बोलेनात. एकाने एवढंच सांगितलं की लांबलचक खड्डा खणून घेतला. कशासाठी ते माहीत नाही म्हणाला आणि तोंड फिरवलं. शुक्रवार आला. नेखाला दूध हवंच होतं. शिफ्रा गेली.

तोद्रेस नेखाला मांडीवर घेऊन माझ्यावर बसला होता. उजेड कमी होत होता. शिफ्राची यायची वेळ टळून गेली होती. ती आली की मगच बाहेर जाऊन ओरडायचं, असा त्याचा क्रम होता. एवढ्यात दार उघडलं. त्याने मान वर केली. झुंदल होता. त्याच्या हातांना कुसळं टोचली होती आणि चेहरा कसा खुलला होता!

"तोद्रेस, हे मी कुणालाही सांगणार नाही," तो हळूच म्हणाला. "पोरीलासुद्धा नाही. म्हातारपण कोणाला चुकलंय? तुझी अब्रू ती माझी अब्रू."

"काय बडबडतोस?"

"कोपऱ्यातली फळी रे! किती दिवस बघतोय, उघडी आहे, आणि तू आपला ओरडतोयस शाबूत शाबूत. बायका पोरं घेऊन हिंडतायत. मी म्हटलं, याला दिसेनासं झालंय. चारचौघांत सांगितलं तर हा लाजेने मरेल. म्हणून आत्ता, शब्बाथ लागायच्या आत, ठोकून आलो. भट्टीच्या दाराचे लांब खिळे काढून वापरले. आता बैलाने धडक दिली तरी हलायची नाही."

तोद्रेस उभा राहिला. "शिफ्रा बाहेर आहे," तो म्हणाला.

"बाहेर म्हणजे? गल्लीत?"

"कुंपणाबाहेर. त्याच फळीतून गेलीय. दर शुक्रवारी जाते. पोरीसाठी दूध आणायला."

झुंदल मटकन खाली बसला. त्याने स्वतःच्या तोंडात फाडफाड मारून घेतल्या. "मला का नाही सांगितलंस? मला, गाढवा? मला?"

दोघे धावले. थोड्याच वेळात परत आले. खिळे हाताने निघत नव्हते, आणि दिवसा भट्टीचं काम म्हणून खपलेला हातोडा आता सांजवेळी मारला असता तर पहारेकरी आले असते. फळीच्या पलीकडे शिफ्रा होती. ती नखांनी लाकूड ओरखडत होती. तोद्रेसने गादी ओढून फेकली, नेखाला पेंढ्यावर ठेवलं आणि माझं एक टोक धरलं. झुंदलने दुसरं. किती दिवसांनी मी उभी राहिले! सूर्य बुडाला होता. खिडक्यांत शब्बाथच्या मेणबत्त्यांची शेवटची थोटकं लागली होती, आणि हे दोघे भर शब्बाथला मला उचलून चालले होते. झुंदल, ज्याने जन्मात शब्बाथला रुमाल उचलला नव्हता!

कोपऱ्यात मला टेकवली. झुंदलने माझे पाय धरले. तोद्रेस खांद्यावर प्रार्थनेची शाल टाकून वर चढला. शाल खाली सोडायची आणि शिफ्राला वर ओढून आत घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. काटेरी तारांनी त्याच्या बाह्या फाटल्या. तो वरच्या पायरीवर पोचला आणि थांबला.

तिथून वीटभट्टीचं मैदान दिसायचं. तिथे ट्रक उभे होते. ओळीने, दिवे मंद करून, रिकामे. फाटकातून ते दिसले नसते. एवढ्या उंचीवरून दिसत होते.

त्याचं वजन दोनदा तारेकडे झुकलं आणि दोनदा मागे आलं. मग तो खाली वाकून झुंदलला म्हणाला, "नेखाला आण."

"का?"

"आण म्हणतो ना."

झुंदलने पोर आणली. तोद्रेसने तिला शालीत गुंडाळलं, गाठ मारली आणि तारेवरून हलकेच पलीकडे सोडलं. खालून शिफ्राचा आवाज आला. "बाबा, हे काय? तिला का देताय? फळी का बंद आहे?"

"आगाताकडे जा. पोटमाळ्यावर राहा. परत येऊ नकोस."

"नाही. फळी काढा. मी आत येते. जे सगळ्यांचं होईल ते माझं होईल."

"फळी मी ठोकलीय," तोद्रेस म्हणाला.

खाली झुंदलने मान वर केली.

"तुम्ही?"

"मी. तू आत येऊ नयेस म्हणून. या घरात आता तुझं काही नाही."

"बाबा, तुम्ही मला हाकलून देताय?"

"हो."

झुंदलने तोंड उघडलं. "शिफ्रा, अगं, मी..." त्याचा हात माझ्या पायरीवर होता. तोद्रेसने त्या हातावर टाच ठेवली आणि जोराने दाबली. झुंदलने दुसरी मूठ तोंडात घातली. शिफ्राने पोरीला छातीशी घेतलं. मग लव्हाळी वाजली. ती गेली.

"तूही उतर पलीकडे," झुंदल रडत म्हणाला. "मी शिडी धरतो. जा रे, तोद्रेस."

"या गुडघ्यांनी? माझ्या पायांचा आवाज ऐकून तिलाही धरतील. आणि इकडे ओरडणार कोण?"

"आता कसलं ओरडणं?"

"बायका वाट बघत असतील. कडं आज पुरं आहे. कितीतरी दिवसांनी खरोखर पुरं आहे. तू ठोकलंस ना घट्ट?"

त्याने मला कुंपणाच्या कडेला आडवी ठेवली आणि गल्लीत जाऊन आरोळी दिली. "एरुव शाबूत आहे! पोरं घ्या..." पुढचं मला ऐकू आलं नाही.

पहाटे ट्रक आले. दारं फोडली, सगळ्यांना गल्लीत काढलं. आया पोरांना कडेवर घेऊन बाहेर आल्या. त्या सगळ्या माझ्यासमोरून गेल्या. मित्रांनो, पोर कडेवर घेतल्याचं पाप त्या सकाळी त्यांच्यातल्या एकीलाही लागलं नाही. तोद्रेस आणि झुंदल शेवटच्या गर्दीत होते. चालता चालता दोघे कशावरून तरी भांडत होते. जंगलातून आवाज आले ते मी सांगणार नाही. दुपारपर्यंत येत होते.

नंतर ओल्शिनचे आणि नदीच्या या काठचे लोक सरपणासाठी कुंपणाच्या फळ्या न्यायला आले. त्यांच्यात आगाता होती. तिने फळी घेतली नाही, मला घेतलं. तिच्या गोठ्याच्या पोटमाळ्यावर शिफ्रा आणि नेखा होत्या. माझ्यावरून त्यांचं जेवण वर जायचं, मग शिफ्रा मला वर ओढून घ्यायची आणि मी त्यांच्याशेजारी पडून राहायचे. गोठ्यात बूट वाजले की ती नेखाच्या तोंडावर हात ठेवायची. नेखा माझ्या दांड्याला धरून उभं राहायला शिकली. युद्ध संपलं तेव्हा त्या दोघी माझ्यावरून खाली उतरल्या आणि समुद्रापलीकडे निघून गेल्या. मी इथेच राहिले. सफरचंदं काढली, छपरं शाकारली. आगाताच्या पोरांनी आधी चांगली म्हटलं, मग जुनी म्हटलं, मग या झाडाखाली आणून टाकलं.

मागे एकदा त्या आल्या होत्या. शिफ्राचे केस पांढरे झाले होते, हातात काठी होती. नेखा चांगली मोठी बाई झाली होती. तिने गवत बाजूला करून माझ्यावर हात ठेवला.

"आई, हीच ना?"

"हीच."

"ये ना जवळ. हात लाव."

"नको." शिफ्रा लांबच उभी राहिली. "माझ्या बापाने माझ्या तोंडावर फळी ठोकली, नेखा. मी नखं तुटेपर्यंत ओरखडत होते आणि तो पलीकडे उभा होता."

"म्हणून तर आपण आहोत, आई."

"कळतं गं मला. एवढी मूर्ख नाही मी. पण सगळं ओल्शिन आत होतं आणि मला एकटीला त्याने बाहेर ठेवलं. आणि वर काय म्हणाला, तर या घरात तुझं काही नाही. एक शब्द, नेखा. जाताना एक शब्द गोड बोलला असता तर त्याचं काय गेलं असतं?"

मी करकरले. जीव तोडून करकरले. नेखाने वर झाडाकडे बघितलं, तिला वाटलं फांदी वाजली. मग त्या गेल्या.

तेव्हापासून मला चैन नाही. आधी वाटायचं, तिला खरं कळायला हवं होतं की ते खिळे झुंदलचे होते, बापाचे नव्हते. पण मग वाटतं, ते कळून काय झालं असतं? फळी झुंदलने चुकून ठोकली. पण तोद्रेस माझ्या वरच्या पायरीवर उभा होता, शाल त्याच्या हातात होती, पोरीला आत ओढून घेणं अजून शक्य होतं. त्याला तिला जवळ घ्यायचं होतं, ते मी त्याच्या पायांवरून सांगते. तेव्हा दार त्यानेच बंद केलं. तो तिच्याशी खोटं बोलला नाही.

मित्रांनो, मला रंग देऊ नका, माझ्यावर छप्पर घालू नका. मी कुजायची ती कुजणारच. पण मला तोंड नाही आणि तुम्हाला आहे. शिफ्रा अजून आहे असं आगाताचा नातू सांगतो. तिला कोणीतरी जाऊन एवढं सांगा. तू लव्हाळ्यात शिरलीस, त्यानंतर तो लगेच खाली उतरला नाही. काटेरी तारेला कपाळ लावून तो उभा राहिला आणि तू लहान असताना तुला ज्या ज्या नावांनी हाक मारायचा ती सगळी त्याने एकेक करून घेतली. चिमणे, लबाडे, माझ्या काचेच्या मण्या. इतक्या हळू, की तुला ऐकू जाऊ नये.